दुष्काळ आणि बंदूक यांच्या मध्ये काय असते?

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस सुदानच्या दारफुर प्रांतातील अल-फाशर हे शहर सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाच्या हाती पडले. त्यानंतर तिथे झालेल्या कत्तलीचे व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेले. मारणारेही मुसलमान होते आणि मरणारेही. असे काही घडले की दोन उत्तरे लगेच तयार असतात. पहिले उत्तर टीव्हीवरच्या चर्चेत मिळते : ‘ही माणसेच अशी, यांचा धर्मच असा.’ दुसरे उत्तर परिषदांमध्ये आणि अहवालांमध्ये मिळते, आणि ते ऐकायला अधिक सभ्य वाटते : ‘हे हवामान बदलाचे युद्ध आहे. पाऊस कमी झाला, पाणी आटले, माणसे एकमेकांच्या जिवावर उठली.’

पहिले उत्तर आपल्याला अपमानास्पद वाटते. म्हणून दुसरे उत्तर आपण पटकन उचलतो आणि कॉलेजात, ऑफिसात, कुटुंबाच्या ग्रुपवर वापरतो. पण दोन्ही उत्तरांमध्ये एक गोष्ट समान आहे. दोन्हींच्या मते त्या माणसांपुढे दुसरा मार्गच नव्हता; पहिल्यात धर्माने त्यांना लढवले, दुसऱ्यात पावसाने. शस्त्रे कोणी दिली, पाण्याचा तंटा सोडवणारी व्यवस्था कोणी मोडली, तक्रार करणाऱ्याला तुरुंगात कोणी टाकले, हे प्रश्न दोन्ही उत्तरांत विचारलेच जात नाहीत. मुस्लीम देशांतील हिंसेविषयी आपल्याला काही समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात याच प्रश्नांपासून करावी लागेल.

हवामान बदल खोटा आहे किंवा त्याचा हिंसेशी संबंध नाही, असे मुळीच म्हणायचे नाही. २०१९मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत या विषयावर काम करणाऱ्या तज्ज्ञांचा एकत्रित अंदाज प्रसिद्ध झाला. गेल्या शतकभरातील देशांतर्गत सशस्त्र संघर्षांपैकी ३ ते २० टक्के संघर्षांच्या धोक्यावर हवामानाचा परिणाम झाला असावा, असे त्यात म्हटले होते. तापमान वाढेल तसा हा वाटा वाढेल, हेही त्यांनी सांगितले. पण त्याच तज्ज्ञांनी हिंसेची मोठी कारणे म्हणून दुसऱ्याच गोष्टी पुढे ठेवल्या : गरिबी, दुबळे शासन, समाजगटांमधील विषमता आणि नजीकच्या भूतकाळातील युद्ध. म्हणजे हवामान धोका वाढवते, पण तो कुठे वाढणार हे बहुतांशी माणसांनी केलेल्या गोष्टींवर ठरते.

माझे रोजचे काम सॉफ्टवेअरचे आहे. सर्व्हर कोसळला की आमच्याकडे मूळ कारण शोधण्याची बैठक होते. ‘लोड वाढला’ हे त्या बैठकीतले सर्वांत सोपे उत्तर असते आणि कुठलाही चांगला टीम लीड ते मान्य करत नाही. लोड वाढणारच होता. तो वाटून घेणारी व्यवस्था का चालली नाही, धोक्याचा अलार्म कोणी बंद केला, हे त्याला हवे असते. दुष्काळाकडे असे पाहिले तर चित्र बरेच बदलते.

दारफुरमध्ये नेमके काय मोडले?

दारफुर सहाराच्या दक्षिण कडेला आहे. शतकानुशतके तिथे फुर, मसालित यांसारखे शेतकरी समाज आणि उंट-गुरे घेऊन फिरणारे अरब पशुपालक एकाच जमिनीवर राहत आले. व्यवस्था साधी होती. पाऊस संपला की पशुपालक ठरलेल्या वाटांनी दक्षिणेकडे उतरायचे. पीक काढून झालेल्या शेतात त्यांची जनावरे धसकटे खायची आणि शेतकऱ्याला शेणखत मिळायचे. ‘हाकूरा’ नावाच्या जुन्या पद्धतीने कोणती जमीन कोणाच्या देखरेखीखाली आहे हे ठरलेले होते. जनावर पिकात शिरले, विहिरीवर भांडण झाले, माणूस मारला गेला, तर दोन्हीकडचे प्रमुख बसून भरपाई ठरवायचे. ही व्यवस्था न्यायाची होतीच असे नाही. उत्तरेतील उंटपाळ अरबांना स्वतःच्या हक्काची जमीन नव्हती, ते दुसऱ्यांच्या भूमीतल्या वाटांवर अवलंबून होते. ती सल जुनी होती. पण भांडण घेऊन जायला जागा होती.

१९७१मध्ये गाफर निमेरी यांच्या सरकारने पारंपरिक प्रमुखांची ही प्रशासनव्यवस्था कायद्याने रद्द केली. तिच्या जागी जी सरकारी यंत्रणा यायला हवी होती ती दूर खेड्यांत पोहोचलीच नाही. त्याच सुमारास साहेल पट्ट्यातील मोठा दुष्काळ सुरू झाला आणि १९८४मध्ये दारफुरमध्ये भीषण उपासमार झाली. उत्तरेकडचे चराऊ रान वाळवंटात गेले, पशुपालक लवकर आणि अधिक संख्येने दक्षिणेला येऊ लागले. शेतकऱ्यांचेही पीक बुडालेले. त्यांनी शेतांना काटेरी कुंपणे घातली, जुन्या वाटा नांगरल्या. इथपर्यंतची गोष्ट दुष्काळाची आहे.

पुढची गोष्ट राजकारणाची आहे. शेजारच्या चाडमधील युद्धात लिबियाने हात घातल्यामुळे ऐंशीच्या दशकात दारफुरमध्ये स्वयंचलित बंदुका स्वस्त झाल्या. १९८७ ते १९८९ या काळात फुर आणि अरब गटांत मोठी लढाई झाली. खार्तूममधील सरकारने निःपक्ष राहून ती मिटवण्याऐवजी एका बाजूला हाताशी धरले. २००३मध्ये दारफुरमधील बंडखोरांनी सरकारविरुद्ध उठाव केला, तेव्हा उमर अल-बशीर यांच्या राजवटीने अरब टोळ्यांना शस्त्रे, पैसा आणि विमानांचे पाठबळ देऊन गावांवर सोडले. जंजावीद म्हणून जगाला कळलेल्या त्या याच टोळ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या युद्धात सुमारे तीन लाख माणसे मेली, वीस लाखांहून अधिक बेघर झाली.

२००७मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी एका लेखात या संघर्षाची सुरुवात पर्यावरणीय संकटातून झाल्याचे म्हटले. तेव्हापासून दारफुरला ‘पहिले हवामान युद्ध’ म्हणण्याची पद्धत पडली. पण २००३च्या लगतच्या वर्षांत पाऊस १९८४इतका वाईट नव्हता. दोन दशकांत तो काहीसा सावरलाही होता. सर्वांत वाईट दुष्काळात दारफुरमध्ये उपासमार झाली, आणि सर्वांत वाईट कत्तल झाली ती वीस वर्षांनी, सरकारने बंदुका वाटल्यावर. याच जंजावीदमधून २०१३मध्ये रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे अधिकृत दल उभे केले गेले. तेच दल एप्रिल २०२३पासून सुदानी सैन्याशी लढते आहे आणि तेच अल-फाशरमध्ये शिरले. आज तिथली लढाई सत्तेची आहे, सोन्याच्या खाणींची आहे आणि बाहेरून येणाऱ्या शस्त्रांची आहे. हे सारे पावसाच्या नावावर टाकले तर सर्वांत जास्त आनंद बंदुका वाटणाऱ्यांना होईल.

सीरिया : तोच दुष्काळ, वेगवेगळे शेवट

सीरियाची गोष्ट अशीच सांगितली जाते. २००६ ते २०१० या काळात देशाच्या ईशान्य भागात, हसाका, रक्का, दैर अझ-झोर या गव्हाच्या पट्ट्यात, तीव्र दुष्काळ पडला. लाखो लोकांची उपजीविका गेली, कुटुंबेच्या कुटुंबे शहरांच्या कडेला तंबू ठोकून राहू लागली. २०१५मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की मानवनिर्मित हवामान बदलामुळे अशा दुष्काळाची शक्यता दोन ते तीन पटींनी वाढली होती. मार्च २०११मध्ये उठाव झाला. सरळ रेषा काढायला एवढे पुरेसे वाटले.

पण २०१७मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ही रेषा तपासली आणि ती बरीच कच्ची निघाली. स्थलांतराचा आकडा फुगवलेला होता, आणि उठावाच्या सुरुवातीच्या मागण्यांत दुष्काळग्रस्तांचा उल्लेख क्वचितच होता. दरआ शहरात भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्याबद्दल शाळकरी मुलांना पकडून छळले गेले आणि त्यांच्या सुटकेसाठी लोक रस्त्यावर आले. १९६३पासून लागू असलेली आणीबाणी उठवा, गुप्त पोलिसांना आवरा, भ्रष्टाचार थांबवा, या त्यांच्या मागण्या होत्या. गोळ्या त्या मागण्यांवर झाडल्या गेल्या.

शिवाय दुष्काळ येण्याआधीच ईशान्येकडची शेती सरकारी धोरणाने पोखरली होती. गहू आणि कापूस भरपूर पिकवण्याच्या हट्टात भूजल बेसुमार उपसले गेले. १९९९मध्ये देशात सुमारे १ लाख ३५ हजार विहिरी होत्या, २००७पर्यंत त्या दोन लाखांवर गेल्या आणि त्यांतील मोठ्या संख्येला परवानाच नव्हता. खाबूर नदीला पाणी देणारे झरे दुष्काळाआधीच आटू लागले होते. मग २००८मध्ये, ऐन दुष्काळात, सरकारने डिझेलवरील अनुदान काढले आणि डिझेलचा दर एका झटक्यात तिपटीहून अधिक झाला. पंप चालवून शेती जगवणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा घाव पावसापेक्षा कमी नव्हता.

शेजारचा जॉर्डन जगातील सर्वांत कमी पाणी असलेल्या देशांपैकी एक आहे. २०११मध्ये तिथेही निदर्शने झाली. राजाने पंतप्रधान बदलले, काही सुधारणा जाहीर केल्या, आंदोलने चालू राहिली आणि हळूहळू शमली. जॉर्डन काही आदर्श लोकशाही नाही. पण तिथे लोकांच्या तक्रारीला रणगाड्याने उत्तर दिले गेले नाही. दोन्ही देशांत पाण्याचा ताण होता. युद्ध एकाच देशात झाले.

भोला : ज्या वादळाने देश मोडला आणि मग एक यंत्रणा घडवली

सरकार कसे वागते याने किती फरक पडतो, हे पाहायचे असेल तर आपल्या शेजारी बांगलादेशकडे पाहावे. १२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाख. ज्ञात इतिहासातील हे सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ मानले जाते. याह्या खान यांच्या सरकारची मदत उशिरा आणि तोकडी आली. भाषेचा वाद, आर्थिक दुजाभाव, सैन्यात आणि नोकरशाहीत बंगाली मुसलमानांना मिळणारी दुय्यम वागणूक, हा सगळा राग आधीपासून साचलेला होता. वादळानंतर तो उघड झाला. जेमतेम महिनाभराने निवडणूक झाली आणि अवामी लीगने पूर्वेतील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. निकाल मानण्याऐवजी लष्कराने मार्च १९७१मध्ये आपल्याच नागरिकांवर कारवाई सुरू केली. वादळाने पाकिस्तान तोडला असे कोणी म्हणणार नाही. बुडालेल्यांकडे पाठ फिरवणाऱ्या आणि मतदान झुगारणाऱ्या सरकारने तो तोडला.

पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. १९७२मध्ये नव्या देशात रेड क्रॉस आणि सरकारने मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. गावोगावी स्वयंसेवक, मेगाफोन, सायरन, इशाऱ्याचे झेंडे, उंच निवारे, जनावरांसाठी मातीचे उंच टेकाड. १९९१च्या वादळात तरीही सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. त्यांत बायकांचे प्रमाण फार मोठे होते. घरातल्या पुरुषाशिवाय बाहेर कसे पडायचे, परक्या पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात कसे राहायचे, या संकोचात अनेकजणी घरातच थांबल्या. यातून धडा घेतला गेला. निवारे वाढले, त्यांत स्त्रियांसाठी वेगळी सोय होऊ लागली, स्त्री स्वयंसेवक घेतल्या गेल्या. आज या कार्यक्रमात ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि त्यांतील निम्म्या स्त्रिया आहेत. इशारा देण्यासाठी मशिदींचे लाऊडस्पीकर वापरले जातात. २००७च्या सिद्र वादळात मृतांची संख्या सुमारे ३,४०० होती. मे २०२०च्या अम्फान वादळात, कोरोनाच्या काळात, वीस लाखांहून अधिक लोकांना हलवले गेले आणि बांगलादेशातील मृतांची संख्या काही डझनांत राहिली.

समुद्र तोच आहे, उलट अधिक तापलेला. लोकही तेच, धर्मही तोच, गरिबीही पुरती गेलेली नाही. बदलली ती मधली यंत्रणा. बांगलादेशचे राजकारण निर्मळ झाले असा याचा अर्थ नाही. खारे होत चाललेले पाणी आणि किनारा सोडून ढाक्याच्या झोपड्यांत येणारी माणसे हे प्रश्न उभेच आहेत. पण पन्नास वर्षांत एका गरीब मुस्लीमबहुल देशाने हे करून दाखवले आहे. ‘आपल्या लोकांकडून काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांसमोर हे उदाहरण ठेवायला हवे.

भाऊबंदकी पाणी वाटत नाही

उम्मत एक आहे, म्हणून मुस्लीम देश आपापसात समजून घेतील, अशी आशा आपल्याकडे व्यक्त केली जाते. हेलमंड नदीने ती आशा तपासून पाहिली आहे. ही नदी अफगाणिस्तानातून इराणच्या सिस्तान भागात जाते आणि हामून या पाणथळ प्रदेशाला पाणी देते. १९७३च्या करारानुसार सर्वसाधारण वर्षात इराणला सेकंदाला सरासरी २६ घनमीटर पाणी मिळायला हवे. करार झाला, पण दोन्हीकडच्या क्रांत्या, परकीय आक्रमणे आणि युद्धे यांत त्याची अंमलबजावणी कधीच सुरळीत झाली नाही. मार्च २०२१मध्ये अफगाणिस्तानने कमाल खान धरण सुरू केले. हामून कोरडे पडले, सिस्तानमधली गावे धुळीच्या वादळांत रिकामी होऊ लागली. मे २०२३मध्ये इराणचे सीमारक्षक आणि तालिबान यांच्यात गोळीबार झाला आणि दोन्हीकडची माणसे मेली. एक इस्लामी प्रजासत्ताक आणि एक इस्लामी अमिरात. दोघांनीही धर्माचे नाव राज्याच्या नावात घेतले आहे. त्यांना पाण्याची मोजणी मान्य असलेला, दोघांचा विश्वास असलेला आयोग मात्र उभा करता आलेला नाही.

आपल्या परंपरेत याबाबत पुरेशी शहाणीव आहे. मदिनेतील कालव्याच्या पाण्यावरून झुबैर आणि एका अन्सारी शेतकऱ्यात झालेला तंटा प्रेषितांपुढे आला होता, हे हदीसच्या संग्रहांत नोंदलेले आहे. वरच्या शेतकऱ्याने आपली गरज भागवावी आणि पाणी खाली सोडावे, हा त्या निवाड्याचा गाभा. पुढे फकीहांनी त्यातून वरच्या आणि खालच्या शेतांचे नियम बांधले. तहानलेल्या माणसाला आणि जनावराला पाणी नाकारता येत नाही, विहिरीभोवती ठरावीक जागा मोकळी ठेवायची, काही कुरणे ‘हिमा’ म्हणून राखायची, असे नियमही आहेत. यात प्रवचनापेक्षा पाणीवाटपाचा व्यवहार अधिक आहे. तंटा होणारच हे गृहीत धरलेले आहे, आणि निवाडा करणाऱ्याने आप्तस्वकीय न पाहता मोजून द्यावे अशी अपेक्षा आहे. आज याचे वारस म्हणवणाऱ्या सरकारांना नदीच्या प्रवाहाची आकडेवारी एकमेकांना दाखवणेही जड जाते.

उलट दिशेचा बाण

आतापर्यंत आपण हवामानाकडून युद्धाकडे जाणारी वाट पाहिली. उलट वाटही तितकीच खरी आहे. लिबियातील दर्ना शहराच्या वर सत्तरच्या दशकात बांधलेली दोन धरणे होती. त्यांच्या दुरुस्तीचे कंत्राट दिले गेले होते, पण २०११च्या युद्धात काम थांबले ते थांबलेच. त्यानंतर देशात दोन सरकारे झाली आणि धरणांचा धनी कोणीच उरला नाही. एका लिबियन संशोधकाने २०२२मध्ये इशारा दिला होता की मोठा पूर आला तर शहर वाचणार नाही. सप्टेंबर २०२३मध्ये डॅनियल वादळाचा पाऊस पडला, दोन्ही धरणे रात्रीतून फुटली आणि हजारो माणसे घरांसकट समुद्रात वाहून गेली. तो पाऊस हवामान बदलामुळे अधिक संभाव्य आणि अधिक तीव्र झाला होता, हे शास्त्रज्ञांनी नंतर दाखवले. पण धरण दुरुस्त न होण्याचे कारण आकाशात नव्हते.

युद्धग्रस्त देश असे दोनदा मार खातात. आणि मदत त्यांच्याकडेच सर्वांत कमी जाते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या २०२१च्या अभ्यासानुसार, आंतरराष्ट्रीय हवामान निधींतून अत्यंत अस्थिर देशांना दरडोई सुमारे २ डॉलर मिळाले, तर स्थिर देशांना दरडोई १६० डॉलरच्या आसपास. निधी देणारे म्हणतात की तिथे हिशेब ठेवणारे सरकार नाही. सरकार नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून पुढचा दुष्काळ सरकारला आणखी दुबळे करणार.

इथे पाश्चात्त्य देशांची जबाबदारी मोठी आहे, यात शंका नाही. हवेत साठलेल्या कार्बनचा मोठा वाटा त्यांचा आहे. २०२२च्या पुरात ज्या पाकिस्तानात ३ कोटी ३० लाख लोक सापडले, त्याचा जगाच्या उत्सर्जनातील वाटा एक टक्क्याहून कमी आहे. पण बोट तिथेच थांबवून चालणार नाही. कतारचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला ३० टनांहून अधिक आहे. सोमालिया, चाड, नायजर या देशांचे एक टनाच्या पाचव्या भागाहूनही कमी. म्हणजे ‘मुस्लीम देश’ हा काही एक गट नाही. जगातील सर्वांत मोठे प्रदूषक आणि सर्वांत मोठे भुक्तभोगी, दोन्ही त्यात आहेत. तेलाच्या पैशातून मशिदी उभ्या राहतात, आणि शेजारच्या युद्धांत शस्त्रेही पोहोचतात. त्या पैशाचा हिशेब मागणे हे इस्लामविरोधी कृत्य नाही.

आपण काय करायचे?

पुणे, औरंगाबाद किंवा रत्नागिरीत बसून दारफुरचे युद्ध थांबवता येत नाही, हे खरे आहे. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट, बातमी वाचायची सवय. मुस्लीम देशातल्या हिंसेची बातमी आली की तीन प्रश्न विचारावेत. तिथे पाणी आणि जमीन कोणाच्या ताब्यात आहे? भांडण झाले तर निवाडा कोण करते? तक्रार करणाऱ्याचे काय होते? याची उत्तरे शोधली की ‘यांचा धर्मच असा’ हे वाक्य टिकत नाही आणि ‘सगळे कारस्थान आहे’ हेही टिकत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. रमजान जवळ आला की आपल्या मोबाइलवर ‘आफ्रिकेत विहीर बांधा, सदका-ए-जारिया मिळवा’ अशा जाहिराती येतात आणि आपले लोक मनापासून पैसे देतात. देण्याआधी विचारायला हवे की ती विहीर कोणाच्या जमिनीवर होणार, फिरत्या पशुपालकांना तिथे पाणी मिळणार का, पंप बिघडला तर दुरुस्त कोण करणार, गावाची समिती आहे का. साहेलसारख्या भागात नवी विहीर म्हणजे नवा हक्क असतो, आणि हक्क न ठरवता खोदलेली विहीर नवे भांडण सुरू करू शकते. आपण विचारायला लागलो तर संस्थांनाही उत्तरे तयार ठेवावी लागतील.

तिसरी गोष्ट आपल्या दाराची. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षे भांडण आहे. तरी ते रास्ता रोको, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि न्यायालये यांच्या पलीकडे गेलेले नाही. मराठवाड्याचा माणूस दारफुरच्या माणसापेक्षा शांत आहे म्हणून नव्हे. त्याच्याकडे २००५चा कायदा आहे, अर्ज करायला कार्यालय आहे, मत मागायला येणारा आमदार आहे. या गोष्टी कितीही अपुऱ्या असल्या तरी त्या आहेत, आणि वापरल्या नाहीत तर त्या गंजतात. आपल्या वस्त्यांतील पाणी समितीत, ग्रामसभेत, आपत्ती व्यवस्थापनाच्या स्वयंसेवक यादीत किती मुस्लीम तरुण-तरुणी आहेत? भोला बेटावरची मुलगी मेगाफोन घेऊन किनाऱ्यावर उभी राहू शकते, तर आपल्या मोहल्ल्यातली मुलगी पुराच्या वेळी वॉर्डाच्या नियंत्रण कक्षात का नसावी?

पुढच्या तीस वर्षांत साहेल, येमेन, सिस्तान, सिंध या भागांतून अशा बातम्या वाढणार आहेत. उष्णता वाढणार, हे आता बहुतांशी ठरलेले आहे. किती ठिकाणी त्यातून युद्ध होईल, हे ठरलेले नाही. ते त्या त्या देशातील लोक, त्यांची सरकारे आणि त्यांना पैसा व शस्त्रे पुरवणारे ठरवतील. म्हणून पुढची बातमी आली की पावसाचा आकडा जरूर पाहा, पण तिथेच थांबू नका. बंदूक कोणी दिली आणि निवाड्याची जागा कोणी मोडली, हेही शोधा, आणि सापडेल त्याचे नाव घ्यायला कचरू नका, तो आपल्यातला असला तरी.